परिपाठाला उभी केलेली मुलगी

दर रविवारी सकाळी रंगनाथ गुरुजी एक जुनी पितळी परात पिशवीत घालतात आणि परभणीतल्या घरातून बाहेर पडतात. वय सहासष्ट, गुडघे कुरकुरतात. तरी कधी झरी, कधी पाथरी, कधी पार राणीसावरगाव, असं मिळेल त्या एसटीनं नाहीतर जीपमध्ये दाटीवाटीनं बसून जातात. गावातल्या समाजमंदिरात सतरंजी अंथरतात आणि ज्या लेकरांना वाचता येत नाही त्यांना एकेक करून समोर बसवतात.

“कमळ म्हण. आता त्यातला क काढून टाक. काय राहिलं?”

बहुतेक लेकरं पटकन “मळ” म्हणतात. एखादं मात्र छताकडं बघत राहतं. गुरुजींचं लक्ष तिथंच थांबतं. मग ते त्याला एक उतारा वाचायला देतात, काही बिनअर्थाचे शब्द देतात, म आणि भ, घ आणि ध यांत ते कुठं अडखळतं ते वहीत टिपून घेतात. तासाभरानं आईला जवळ बोलावून सांगतात, “लेकरू ढ नाही. आळशीही नाही. डॉक्टर लोक याला डिस्लेक्सिया म्हणतात. अक्षर आणि आवाज यांची गाठ याच्या डोक्यात लवकर बसत नाही. शिकवायची रीत बदलली की वाचतं.” मग परातीत ज्वारीचं पीठ पसरतात, लेकराचं बोट धरतात आणि तोंडानं आवाज काढत पिठात अक्षर गिरवायला लावतात. तपासणीही फुकट, शिकवणीही फुकट.

लोक म्हणतात, गुरुजी म्हणजे देवमाणूस. तो शब्द कानावर पडला की गुरुजी विषय बदलतात. कारण सव्वीस वर्षांपूर्वी त्यांनी काय केलं होतं ते त्यांना माहीत आहे.

तेव्हा ते झरीच्या पलीकडच्या एका गावात शिकवत होते. चाळिशीतले, कडक, निकाल चांगला लावणारे मास्तर. सातवीच्या वर्गात धम्मशीला नावाची मुलगी होती. बाप भगवानराव दुसऱ्याच्या शेतात सालानं राबायचा, पण लेक नर्स होणार हे त्यानं साऱ्या गावाला सांगून ठेवलं होतं. घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याच्याखाली लेकीचं दप्तर अडकवायची खुंटी. मुलगी तोंडी सगळं सांगायची. गणितं मनातल्या मनात सोडवायची. पुस्तक हातात दिलं की मात्र तिची जीभ टाळ्याला चिकटायची. सहावीत एकदा नापास झाली होती.

गुरुजींना वाटलं, ही नाटकं करते. त्यांनी त्यावर औषध काढलं. रोज सकाळी परिपाठाला, साऱ्या शाळेसमोर, सुविचार आणि बातम्या धम्मशीलानंच वाचायच्या. लाज वाटली की आपोआप अभ्यास करील. पहिले चार दिवस ती नुसती उभी राहिली आणि पोरं फिदीफिदी हसली. पाचव्या दिवशी मात्र तिनं बातम्या घडाघडा म्हटल्या. गुरुजी खूश झाले. आठवडाभर ती रोज वाचत होती. मग एका पोरानं चुगली केली, की ती आदल्या दिवशी मैत्रिणीकडून कागद वाचून घेते आणि रात्रीतून पाठ करते.

दुसऱ्या दिवशी तिनं वाचायला सुरुवात केली तसे गुरुजी पुढं गेले. तिच्या हातातला कागद काढून घेतला आणि दुसराच हातात ठेवला.

“हे वाच.”

ती बघत राहिली.

“एवढंही येत नाही? मग आठ दिवस कुणाला फसवत होतीस?”

पोरं हसली. ती रडली नाही. कागद धरलेला हात तेवढा खाली आला. त्याच आठवड्यात गुरुजींनी भगवानरावला शाळेत बोलावून घेतलं. आवाज अगदी मवाळ ठेवला, आपण त्याचं भलं करतोय अशाच भावनेनं सांगितलं, “हिच्या डोक्यात अक्षर शिरत नाही. उगं वर्षं वाया घालवू नका. शिवणकाम शिकवा, पोटापुरतं होईल.” भगवानराव हात जोडून गेला. पुढच्या सोमवारपासून धम्मशीला शाळेत आली नाही. सतराव्या वर्षी तिचं लग्न झालं, एवढं गुरुजींच्या कानावर आलं होतं.

ते हे सगळं विसरूनही गेले होते.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी जिल्ह्याच्या ठिकाणी शिक्षकांचं एक प्रशिक्षण होतं. शिकवायला राजनंदिनी नावाची तिशीतली बाई आली होती. विशेष मुलांना शिकवण्याचं तिचं शिक्षण झालेलं. तिनं सगळ्यांच्या हातात एकेक कागद दिला. मराठीच, पण अक्षरं उलटीपालटी केलेली, मात्रा जागेवरून सरकवलेल्या, शब्द मध्येच तोडलेले. तिनं गुरुजींना उभं केलं आणि हातातल्या घड्याळाकडं बघत म्हणाली, “वाचा. मोठ्यानं.”

गुरुजी गावात पोथी वाचायचे तर लोक ऐकत बसायचे. इथं मात्र दुसऱ्याच ओळीला ते अडकले. मागं कुणीतरी हसलं. राजनंदिनी मुद्दामच म्हणाली, “काय सर? एवढंही येत नाही?”

गुरुजींच्या हातातला कागद खाली आला. आणि त्यांना तो दुसरा हात दिसला.

बाकीचे मास्तर चहाला गेले. गुरुजी बाकावरच बसून राहिले. राजनंदिनी जवळ आली, म्हणाली, “राग आला का सर? खेळ होता तो.” गुरुजींनी विचारलं, “मॅडम, अशा लेकराला काही उपाय असतो का?” “असतो की. वेळेवर कळलं तर लेकरू छान वाचायला लागतं.” “आणि नाही कळलं तर?” तिनं बाकांवरचे कागद गोळा करायला घेतले.

निवृत्तीनंतर गुरुजी दोन वर्षं राजनंदिनीच्या हाताखाली शिकले, तपासणीची पद्धत, शिकवायची पद्धत. मग परात घेऊन फिरायला लागले. शिक्षकांच्या बैठकांमधून त्यांना भाषणाची बोलावणी येऊ लागली. कायद्यात या लेकरांना हक्क आहेत, परीक्षेत जादा वेळ मिळतो, शाळेनं नकार द्यायचा नसतो, हे ते पोटतिडकीनं सांगायचे. पण लोकांच्या लक्षात राहायची ती गोष्ट. “एक मुलगी होती. नाव सांगत नाही,” अशी ते सुरुवात करायचे. कागद काढून घेतल्याचं सांगताना त्यांचा आवाज चिरकायचा. समोरच्या बाया पदरानं डोळे पुसायच्या. शेवटी ते म्हणायचे, “ती आज भेटली तर मी तिचे पाय धरीन.” टाळ्या पडायच्या. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला आणि तो जिल्हाभर मोबाईलवर फिरला.

पहिल्यांदा ही गोष्ट सांगितली त्या रात्री गुरुजींना झोप लागली नव्हती. दहाव्यांदा सांगितली तेव्हा लागली. पुढं पुढं तर भाषण करून आल्यावर त्यांना हलकं वाटायचं, भूकही चांगली लागायची. हे त्यांना तेव्हा खटकलं नाही.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत पाथरीला तपासणी होती. आठवीतली एक मुलगी आईबरोबर आली. नाव पिंकी. पोरगी चुणचुणीत, पण ‘कमळ’मधला क निघाला की तिची गाडी रुळावरून घसरायची. गुरुजींनी नेहमीसारखी तपासणी केली आणि आईला समोर बसवलं. सदतीस-अडतीस वर्षांची बाई, गळ्यात माप घ्यायची टेप तशीच राहिलेली.

“ताई, तुमची लेक हुशार आहे. वाचता येत नाही ही तिची चूक नाही.”

बाई त्यांच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, “आन् तिच्या मायची, गुरुजी?”

“काय म्हणालात?”

“तिच्या मायची चूक व्हती का?”

गुरुजींना अजून उमगेना. बाईनं पिंकीला पाणी प्यायला बाहेर पाठवलं.

“मी धम्मशीला. भगवानरावची. तुमच्या गोष्टीतली पोरगी.”

गुरुजींनी कित्येक भाषणांत हा क्षण रंगवून सांगितला होता. प्रत्यक्षात त्यांना उठताही आलं नाही. ते चाचपडत पुढं वाकले, तशी ती मागं सरकली.

“पाय नका धरू. लेकरं बगायलेत.”

“धम्मशीला, मी...”

“पिंकीनं दाखवला तुमचा व्हिडिओ. पहिल्या बोलालाच मी वळखलं. लोक रडायलेत, टाळ्या वाजवायलेत. गुरुजी, परभणीहून पाथरी किती लांब हाय?”

“तास-दीड तास.”

“आमच्या गावात माझं सासर कुणालाबी विचारलं असतं तर सांगितलं असतं. तुमी साऱ्या जिल्ह्याला सांगत फिरलाव. मलाच तेवढं न्हाई सांगितलं.”

ती आवाज न चढवता बोलत होती, आणि त्यामुळंच गुरुजींना जास्त लागत होतं. ती पुढं म्हणाली, “एक विचारू का? माऊली आठवतो का? पाटलाचा?”

गुरुजींना माऊली आठवत होता. धम्मशीलाच्याच वर्गातला. त्यालाही वाचता येत नव्हतं. अगदी तसंच, म-भचा घोळ, मात्रांचा घोळ.

“त्याला तुमी परिपाठाला उभं केलं न्हाई,” धम्मशीला म्हणाली. “त्याला घरी जाऊन शिकवायचाव. आज त्याचं खताचं दुकान हाय. त्याच्या बापाला तुमी म्हणलाव का, शिवणकाम शिकवा म्हणून?”

पिंकी परत आली. धम्मशीलानं पुढच्या रविवारची वेळ विचारली, लेकीला घेतलं आणि गेली.

परतीच्या एसटीत गुरुजींनी परात मांडीवर घट्ट धरली होती. आपल्याला माहीत नव्हतं, डिस्लेक्सिया हा शब्दच तेव्हा ऐकला नव्हता, या एका आधारावर ते इतकी वर्षं उभे होते. माऊलीचंही त्यांना माहीत नव्हतंच की. तरी त्याच्या घरी रोज संध्याकाळी जाऊन एकेक अक्षर दहा-दहा वेळा घोटून घेतलं होतं. पाटलाच्या ओसरीवर बसायला बरं वाटायचं, कपबशीत चहा यायचा. भगवानरावच्या घरी ते एकदाही गेले नव्हते. आणि भाषणात माऊलीचं नाव कधी आलं नव्हतं, ते विसरल्यामुळं नव्हे. ते नाव आलं असतं तर ती गोष्ट तशी सांगताच आली नसती.

पुढच्या रविवारी पिंकीला शिकवून झाल्यावर त्यांनी धम्मशीलाला विचारलं, “मी काय करू?”

ती तेवढ्यासाठीच थांबली होती. “माझ्या बाबाला सांगा. त्याला अजून वाटतं, लेक ढ निघाली. भावकीत कुणाची पोरगी पास झाली की मान खाली घालतो. माझं त्याला पटत न्हाई. तुमचं पटंल. तुमच्याच शब्दावर त्यानं काढली मला.”

गुरुजी हो म्हणाले. पण एक रविवार गेला, दुसरा गेला. कधी गुडघ्याचं निमित्त, कधी पाहुण्यांचं. शेवटी त्यांची बायको कमलबाई भाकरी थापता थापता म्हणाली, “जायचं तर जा. न्हाईतर ती परात माळ्यावर टाका.”

भगवानराव आता पंचाहत्तरीचा, डोळ्यांनी अधू. गुरुजींना आवाजावरून ओळखून धडपडत उठला, सतरंजी झटकली, नातसुनेला चहा ठेवायला सांगितला. गुरुजी पहिल्यांदाच त्या घरात बसत होते. खुंटी अजून तिथंच होती. तिला आता रेशनची पिशवी अडकवलेली.

गुरुजींनी सगळं सांगितलं. परिपाठाचं, कागदाचं, डिस्लेक्सियाचं, माऊलीचंही. चहा आला, तसाच गार झाला.

“म्हंजी पोरगी शिकली असती,” भगवानराव शेवटी म्हणाला.

“हो.”

“नर्स झाली असती?”

“झाली असती, भगवानराव. चूक माझी आहे.”

“शाळंतून काढली तर म्याच की.” म्हातारा जमिनीकडं बघत होता. “तिच्या मायनं माझे पाय धरले व्हते. म्हणली, अजून एक वरीस बसू द्या पोरीला. म्या म्हणलं, गुरुजीपेक्षा तुला जास्त कळतं का? उचलून थापड मारली व्हती तिला. तिला जाऊन आता नऊ वरसं झाली.”

गुरुजींची नजर त्या खुंटीवर गेली.

“आता म्या हे कुणाला सांगू? तुमी मला येऊन सांगितलं. म्या कुणाकडं जाऊ?”

मग म्हणाला, “कशाला आलाव गुरुजी. पोरीचं नशीब म्हणून बसलो व्हतो. बरा व्हतो मी.”

तो उठला आणि आतल्या खोलीत गेला. परत आला नाही. नातसून दारात अवघडून उभी राहिली. गुरुजींनी चहा संपवला, कारण तो तसाच टाकून उठायला त्यांचं मन धजेना. आणि ते निघाले.

पुढच्या रविवारी ते पाथरीला गेले तेव्हा धम्मशीलाला सगळं ठाऊक होतं.

“बाबाचा फोन आला व्हता,” ती म्हणाली. “बोलला काहीच न्हाई. नुसता रडत व्हता. मला वाटलं व्हतं, त्याला बरं वाटंल, की लेक ढ नव्हती. मायला मारल्याचं मला माहीतच नव्हतं, भाच्याच्या बायकोनं सांगितलं.” हातातली टेप ती बोटाभोवती गुंडाळत राहिली. “मीच तुमाला धाडलं. तेवढं माझ्याकडं राहू द्या, गुरुजी. सगळंच तुमी घेऊ नका.”

त्यांच्यात यापेक्षा जास्त बोलणं त्या विषयावर कधी झालं नाही. माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि गुरुजींनीही पुन्हा मागितलं नाही.

ती मात्र कामाला लागली. आपली तपासणी करू द्यायला तिनं साफ नकार दिला. “मला माझं माहीत हाय,” म्हणाली. पण पिठात पोरांची बोटं बघून तिनं जाड कापडाची अक्षरं कापून आणली, बोटाला कडा जाणवतील अशी. गिऱ्हाइकांची मापं ती वहीत लिहीत नसे. प्रत्येकीचा कागदी खाका कापून त्याला तिच्याच कापडाचा तुकडा टाचून ठेवी, आणि दोनशे बायांतला कुठला कुणाचा हे न चुकता सांगे. लेकरांना अक्षर कुठं वळतं ते हातानं दाखवण्यात गुरुजींपेक्षा तीच तरबेज निघाली. पाथरीचा वर्ग वर्षाच्या आत तिच्या अंगणात भरायला लागला.

पिंकी दहावीला गेली तशी दुसरी अडचण उभी राहिली. परीक्षेत जादा वेळ मिळवायला प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी मोठ्या सरकारी दवाखान्यात तीन खेपा झाल्या. प्रमाणपत्र मिळालं, तर शाळेचे मुख्याध्यापक अर्ज पुढं पाठवीनात. गुरुजी शासनाच्या नियमांची फाईल घेऊन धम्मशीलाबरोबर गेले. मुख्याध्यापक म्हणाले, “रंगनाथ सर, तुम्ही तर आमच्यातले. एकीला सवलत दिली की उद्या सगळेच मागतील. आणि ही मुलगी अभ्यासच करत नाही हो.”

गुरुजींनी फाईल उघडली, पण तोंड उघडलं नाही. टेबलाच्या त्या बाजूला बसून हे वाक्य त्यांनीच कितीदा म्हटलं होतं.

धम्मशीला बोलली. “सायब, मी झंपर शिवते. सगळ्या बायांना एकाच मापाचा शिवला तर कुणाचा तरी दंड फाटतोच. मंग मी त्या बाईला म्हणू का, तुजाच हात जाड हाय? माप माझं चुकलं, सायब.”

“तसं नसतं ते, ताई.”

“मंग कसं असतं? ह्या गुरुजींनी मला शाळंसमोर उभं केलं व्हतं. त्यांना इचारा, नंतर कसं वाटतं ते.”

मुख्याध्यापकांनी गुरुजींकडं बघितलं. गुरुजींनी नियमाचं पान त्यांच्यासमोर सरकवलं आणि एवढंच म्हटलं, “सही करा, सर. माझ्यासारखं करू नका.” सही त्या दिवशी झाली नाही. आणखी दोन वेळा जावं लागलं, वरच्या कार्यालयात तक्रार द्यावी लागली, तेव्हा अर्ज गेला. पिंकी जादा वेळ घेऊन परीक्षेला बसली आणि एकसष्ट टक्क्यांनी पास झाली. निकाल सांगायला धम्मशीला तिला घेऊन माहेरी गेली. भगवानरावनं नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पेढा हातात धरून बराच वेळ बसून राहिला. गुरुजी त्या गावाला तपासणीसाठी जातात तेव्हा मात्र त्यांचा आवाज ऐकला की म्हातारा ओट्यावरून उठतो आणि घरात जातो.

गोष्ट सांगायला धम्मशीलानं गुरुजींना परवानगी दिली आहे, एका अटीवर. “माझ्या नावानं सांगा. आन् माऊलीचंबी सांगा.”

आता गुरुजी दोन्ही सांगतात. एकाच वर्गातली दोन लेकरं, एकच अडचण, एकाची रोजची ओसरी आणि दुसरीचं कधीच न पाहिलेलं घर. टाळ्या पडत नाहीत. कुणी खाली मान घालून मोबाईल बघतं, कुणी पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर जातं. एका ठिकाणी संयोजकांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, “सर, ते जातीचं कशाला काढता? आधीचं छान होतं.” बोलावणी निम्म्यावर आली आहेत. भाषण झाल्यावर गुरुजींना हलकंही वाटत नाही.

गेल्या महिन्यात राणीसावरगावच्या बैठकीनंतर ते घरी पोचले तेवढ्यात फोन आला. त्या भागातल्याच शाळेवरच्या एक शिक्षिका होत्या, राजेश्री नावाच्या. बैठकीत त्या सगळ्यात मागं बसल्या होत्या आणि एक शब्द बोलल्या नव्हत्या.

“सर, माझ्या वर्गात एक मुलगी आहे,” त्या म्हणाल्या आणि थांबल्या. “परवाच तिच्या वडिलांना बोलावून मी सांगितलं, की हिचं काही खरं नाही.”

“तिचं घर कुठं आहे?”

“वस्तीवर. लांब आहे जरा. रविवारी जाते सर, सुट्टी असते.”

“रविवारी नको,” गुरुजी म्हणाले. “आत्ता किती वाजलेत?”

“साडेचार.”

“मग आत्ता निघा. आणि घरात जाऊन बसा, बाई. बाहेरूनच बोलून येऊ नका.”